पहिल्या वर्षाची इर्जिक

सोमवार, १३ ऑक्टोबर

वार मी सांगितला, तारीख केल्तूमने घातली. मला तारखा लागत नाहीत. ऑलिव्ह झोडायला अजून महिना आहे, एवढं मला पुरतं.

लिही पोरी. माझं नाव इज्जा. गाव तिझगी, वर पहाडात. वय विचारायचं नाही. माझा कागद करणाऱ्या कारकुनाने मला माझ्या धाकट्या भावाहून लहान करून ठेवलंय. सरकारदरबारी मी अजून तरुण आहे.

आम्ही दोघी शहरात आलो त्याला आज आठ दिवस झाले. केल्तूम माझी नात. विद्यापीठात शास्त्र शिकायला आली आहे आणि मी तिला धरून ठेवायला आले आहे. तिझगीतून आजवर चार मुली इथे शिकायला आल्या. चारही ऑलिव्ह झोडायच्या आत परत. एकीला वसतिगृहात खाट मिळाली नाही, एकीला बापाने बोलावून घेतलं, एकीला फ्रेंच झेपेना, आणि चौथीने का सोडलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. झऱ्यावर बायका म्हणाल्या, "इज्जा, पाचवीही येईल बघ." मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "पाचवी येणार नाही. मी तिच्याबरोबर जाऊन बसते. बघू कोण उठवतं ते."

बोलून गेले, मग यावं लागलं.

माझा मुलगा हम्मू, म्हणजे हिचा बाप, काही आनंदाने कबूल झाला नाही. म्हणाला, "एक सत्र. जानेवारीत परीक्षा आहे. पास झाली तर पुढचं बोलू, नाही तर दोघी सामान बांधा." हम्मू स्वतः तरुणपणी याच शहरात शिकायला आला होता. तीन महिन्यांत परतला. इथलं पाणी त्याला मानवलं नाही. पोटाचा नाजूक आहे, बापावर गेलाय.

ही वही कशाला, तर गावी मी मागावर बसते, आणि दिवस मावळला की कुठवर विणून झालं ते बोटांनी चाचपते. इथे माग नाही. मग दिवस कुठवर आला हे कळायचं कसं? ज्या दिवशी काही घडणार नाही त्या दिवशी लिहायचं नाही. रिकामे धागे कोण विणतं?

आज केल्तूम वेळेवर गेली, वेळेवर आली. तोंड का वाकडं करतेस? लिही, वेळेवर आली.

(आजीने सांगितलं तसं लिहिलं. कंसातलं तिचं नाही, माझं आहे. तिला वाचता येत नाही आणि मला कुठे तरी सांगायचं आहे. आज हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. शेवटच्या पायरीवर उभी राहिले. सर दोन तास फ्रेंचमध्ये बोलले. शाळेत मी सगळं शास्त्र अरबीत शिकले. मला आज फक्त फळ्यावरची तारीख कळली.)

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज वाफवलेल्या रव्याचा कुसकुस केला. सात भाज्या घालून. तो दोघींपुरता होतच नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलीला बोलावलं. आम्ही घरमालकीण हाज्जा मिनाच्या गच्चीवर राहतो. गच्चीवर दोन खोल्या आहेत, एक आमची, दुसरी हिची. नाव नुहैला, समुद्राकडची आहे. केस मोकळे, जीभ त्याहून मोकळी.

"तू कितव्या वर्षाला?" मी विचारलं.

"पहिल्या, आजी."

"आणि गेल्या वर्षी?"

"पहिल्याच."

"जागा फार आवडली म्हणायची."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला माणसाची पारख ठसक्यावरून होते. स्वतःवर हसताना ज्याला ठसका लागतो तो घरात घ्यावा.

तिने सांगितलं ते लिहून ठेवते. पहिल्या वर्षाला नावं आठशे आणि हॉलमध्ये खुर्च्या साडेतीनशे. पोरं पायऱ्यांवर बसतात, खिडक्यांत बसतात. ही गेल्या वर्षी कचेरीत खुर्च्या मागायला गेली होती. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "नोव्हेंबरपर्यंत थांबा. जागा आपोआप होतात."

"म्हणजे खुर्च्या आणायच्या सोडून पोरं जायची वाट बघतात?"

"दरवर्षी, आजी. आणि होतातच जागा."

माझा घास हातात राहिला. आमच्याकडे पाहुणे वाढले तर रश्श्यात पाणी वाढवतात. पाहुणे मरायची वाट बघत नाहीत.

केल्तूम मान खाली घालून सलगम चिवडत होती. मी म्हटलं, "ऐकलंस? आपण उठायचंच नाही."

ती म्हणाली, "हो आजी."

(मी सोमवारपासून गेलेली नाही.)

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पोरगी जाते आहे. सकाळी मी तिच्या पिशवीत भाकरी आणि उकडलेलं अंडं घालते, संध्याकाळी पिशवी रिकामी येते. बुटांना लाल माती होती. म्हटलं ही कुठली? म्हणाली, दगडमातीचा विषय आहे, बाहेर नेतात. चांगलं आहे. दगड पहाडात कमी होते म्हणून शहरात येऊन शिकावे लागतात.

रोज मी विचारते, आज काय शिकवलं? ती पटकन सांगते. काल म्हणाली, झाडाच्या पानात एक हिरवा कारखाना असतो. मी म्हटलं, मग आपल्या बकऱ्या रोज कारखाने खातात. हम्मूला फोनवर सांगितलं, तो "हं" म्हणाला. त्याच्या "हं"ला मी भीक घालत नाही.

(पानाचं शाळेच्या पुस्तकातलं सांगितलं. लाल माती बागेतली आहे. प्रॅक्टिकलला नाव पुकारतात म्हणून तेवढी जाते. बाकीचे दिवस बागेत बसते, हॉल सुटायच्या वेळेला उठते. अंडं मांजराला देते. आजी इतकी खूश असते की सांगवत नाही.)

गुरुवार, २० नोव्हेंबर

आजचं अक्षर वेगळं आहे. नुहैला लिहिते आहे.

केल्तूम प्रॅक्टिकलला गेली होती. मी हरीराचं सूप ढवळत होते. मनात आलं, महिना झाला, आपण काय काय बोललो ते एकदा कानांनी ऐकावं. नुहैलाला म्हटलं, वाच. ती वाचू लागली. मी बरी बोलते, माझी मलाच गंमत वाटली. मग ती एकदम थांबली.

"थांबलीस का?"

"आजी, इथे... जरा पुसट आहे."

"माझी नात पेन दाबून लिहिते. पलीकडच्या पानावर उठतं. पुसट कसं असेल? वाच."

"आजी, हे तुमचं नाही."

"माझ्या वहीत माझं नाही ते कुणाचं?"

तिने वाचलं. सगळे कंस. मांजराच्या अंड्यापर्यंत.

सूप तळाला लागलं. लागू दे, लिही तेही.

राग आला का? आला. पण कुणाचा ते ठरेना. महिनाभर मी म्हणत होते "जाते", आणि तीच ओळ संपवून ती लिहीत होती "जात नाही". ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पाहिलीत. हिने भांडं माझ्याच हातात दिलं होतं, मलाच ते दिसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी तिला एकदाही विचारलं नाही, कळतं का गं? मी विचारलं, गेलीस का? खाल्लंस का?

ती संध्याकाळी आली. वही उघडी पाहिली आणि दारातच उभी राहिली. रडली नाही. बरं झालं. रडणाऱ्याशी मला भांडता येत नाही.

"आजी, मी उद्या सामान बांधते."

"उद्या मला वेळ नाही. उद्या मी तुझ्याबरोबर हॉलमध्ये येणार आहे."

"आजी! सगळे हसतील."

"हसू देत. हसणारा निदान जागा तरी राहतो."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पुन्हा केल्तूम लिहिते आहे. मी तिला सांगितलं, कंस तुझे. त्यात काय लिहितेस ते मी विचारणार नाही, कुणाकडून वाचूनही घेणार नाही. पण कंसाबाहेर आता खरं लिहायचं.

हॉल म्हणजे आमच्या डोंगरउतारावरची शेतं. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला, आणि तळाशी एक माणूस, हातात खडू, तोंडापुढे माईक. डॉक्टर सेबती. रसायन शिकवतात. आम्ही मधल्या रांगेत बसलो. जागा होत्या. नोव्हेंबर आहे ना.

मला काही कळलं नाही. पण मला कळायचं नव्हतंच. गावी मागावर बसलेल्या बाया बघते, तशी मी पोरं बघत होते. पुढच्या चार रांगा सरांकडे बघून लिहितात. मधल्या रांगा फळ्याकडे बघून लिहितात. मागच्या रांगा शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितात. आणि कुणीही, अगदी कुणीही, एकमेकांशी बोलत नाही. एकाला पहिलं समजलंय, दुसऱ्याला तिसरं, तिसऱ्याला आकृती तेवढी जमलीय. प्रत्येकाकडे मूठमूठ दाणे आहेत आणि भाकरी कुणाचीच होत नाही.

दुसऱ्या तासाला सरांची नजर माझ्या डोक्यावरच्या फडक्यावर गेली.

"अल-हाज्जा, कुणाला शोधताय?" (मी हजला गेलेले नाही. पण म्हातारीला सगळे हाज्जा म्हणतात. फुकटचं पुण्य कोण नाकारतं? हा कंस माझा आहे. मलाही एखादा असू दे.)

"कुणाला नाही, बाळा. चालू दे तुझं. मी हिच्यासोबत आहे."

"हा वर्ग विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्ही जागा अडवताय."

"ज्याची अडवली असेल त्याला बोलाव, लगेच उठते."

हॉल हसला. सरही हसले असावेत, फळ्याकडे तोंड होतं. बाहेर पडताना दोनतीन पोरं आमच्या मागे आली. पहाडातलीच होती, आमच्याच बोलीत बोलली. त्यांत युबा नावाचा एक होता, सहा फूट उंच आणि कोकरासारखा लाजरा. म्हणाला, "आजी, तुम्ही उद्याही येणार का? तुम्ही होता तेव्हा मला कमी भीती वाटली."

(मलाही.)

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज सात जण होती. केल्तूम, नुहैला, युबा आणि आणखी चौघं. कुसकुसचं भांडं हाज्जा मिनाकडून मोठं मागून आणलं.

गावात एखाद्याचं शेत मागे पडलं की सगळे आपापला नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरतात. त्याने फक्त जेवण घालायचं. उद्या दुसऱ्याचं पडेल, तेव्हा तो उतरेल. ही आमची इर्जिक. त्यात कुणी विचारत नाही की हा तास कुणी धरला, तो कुणी धरला. शेत नांगरलं गेलं की झालं. मी पोरांना म्हटलं, जेवण माझं. शेतं तुमची. उतरा.

नियम असा. ज्याला जे समजलंय त्याने ते आधी मला समजावून सांगायचं, आपल्या बोलीत. मी मान डोलावली तर बाकीच्यांनी ते फ्रेंचमध्ये लिहायचं. मी डोलावली नाही तर पुन्हा. मला फसवता येत नाही. मला काहीच येत नसल्यामुळे मी खोटी मान डोलवत नाही.

आज त्यांच्या प्रॅक्टिकलमधलं निघालं. भांड्यात आंबट पाणी घ्यायचं, वरच्या लांब नळीतून क्षाराचं पाणी थेंबथेंब सोडायचं, आणि एका थेंबाला रंग पालटतो. मोजायचं, किती थेंबांनी पालटला. युबा सांगत होता आणि घाबरत होता. मी म्हटलं, "अरे, हे तर मला तुझ्या आजोबाच्या आधीपासून येतं. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग उकळत ठेवला आणि त्यात लिंबू पिळलं की नारिंगीकडे जातो. राखेचं पाणी घातलं की जांभळट होतो. एक पळी जास्त पडली की लोकर वाया."

केल्तूम म्हणाली, "आजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं? तू दगडमाती शिकत होतीस, बागेत."

नुहैलाला पुन्हा ठसका लागला.

शेवटी प्रॅक्टिकलचा रिपोर्ट लिहायचा होता. सगळ्यांनी मिळून एकेक वाक्य ठरवलं, भांडले, खोडलं, पुन्हा ठरवलं. सगळ्यांचा एकच झाला. नुहैला म्हणाली, "आता प्रत्येकाने थोडे शब्द बदलू या. सगळे तसंच करतात."

मी म्हटलं, "बदलायचे कशाला? चोरी केलीय का? इर्जिकीचं शेत आहे, लपवायचं काय? आणि खाली सातांचीही नावं घाला. ज्याने नांगर धरला त्याचं नाव हवं."

घातली. प्रत्येकाच्या कागदावर सात नावं. काय देखणं दिसत असेल.

सोमवार, १५ डिसेंबर

सातांनाही शून्य.

सातांवरही नक्कल केल्याचा ठपका. गुरुवारी समितीपुढे उभं राहायचं. प्रॅक्टिकलमध्ये शून्य राहिलं तर रसायनाच्या परीक्षेला बसू देत नाहीत, आणि तो विषय गेला की सत्र गेलं. म्हणजे हम्मू, म्हणजे सामान.

केल्तूमने हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. नुहैलाही नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सातजणी खाली बघत बसल्या होत्या... खोड ते. सात जण. युबा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. म्हणाला, "आजी, तुमची चूक नाही."

माझीच आहे. म्हातारपणी नाकाने कांदे सोलायला गेले. शहरात एकट्याचं शेत एकट्याने नांगरतात, मोडलं तर एकट्याने मरतात, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं होतं, हॉलमध्ये. मला वाटलं, ती त्यांची अडचण आहे. ती त्यांची रीत होती.

गुरुवारी मी जाणार.

(मी म्हटलं नको. ती म्हणाली, लिही, मी जाणार.)

गुरुवार, १८ डिसेंबर

टेबलामागे तीन जण. मधले मोठे साहेब, एका बाजूला डॉक्टर सेबती, दुसरीकडे लिहून घेणारा कारकून. दारावरचा शिपाई म्हणाला, आत फक्त विद्यार्थी. मी त्याच्या आईची चौकशी केली. तो उत्तर देईपर्यंत मी आत होते.

मोठे साहेब म्हणाले, "अल-हाज्जा, पालकांना इथे परवानगी नाही."

"मी पालक नाही. मी आरोपी आहे. एकच लिहा असं यांना मी सांगितलं."

"तुम्ही विद्यार्थिनी नाही."

"चार आठवडे तुमच्या हॉलमध्ये माझा एकही खाडा नाही. तुमच्या यादीत असे किती आहेत? काढा यादी, मी बसते."

कारकून खाली बघून हसला. सेबती सरांनी सात कागद पुढे टाकले. "अक्षरं सात, मजकूर एक. आणि प्रत्येकाखाली सात सह्या. वीस वर्षांत मी असा चोर पाहिला नाही जो चोरीखाली सही करतो."

"मग चोरी नसेल," मी म्हटलं. "बाळा, तू शिकलेला आहेस. या कागदांना काय विचारतोस? पोरांना विचार. एकेकाला उभं कर. मी बाहेर जाते, कुणी म्हणायला नको की म्हातारीने खुणा केल्या."

मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. सेबती सर उठले आणि खडू घेतला.

बाहेरच्या बाकावर मी बसले. सगळं आयुष्य मी दाराबाहेर बसून काढलंय. माझ्या भावाला कुराण शिकवायचे तेव्हाही मी भिंतीला कान लावायचे. तेव्हा गप्प बसायचे. आज दर दहा मिनिटांनी दार वाजवून विचारत होते, झालं का?

आत काय झालं ते केल्तूमला सांगायला लावते. सांग आणि लिही.

मला त्यांनी फळ्यावर आकृती काढायला सांगितली. काढली. समजावायला सांगितलं, फ्रेंचमध्ये. पहिला शब्द अरबीत निघाला. सर म्हणाले, घाई नाही. मी एकेक शब्द ठेवत गेले. मध्ये एकदा चुकले, सरांनी दुरुस्त केलं. मग त्यांनी विचारलं, एक थेंब जास्त पडला तर? मी म्हटलं, मग पहिल्यापासून, सर. लोकर वाया. शेवटचं मी फ्रेंचमध्ये नाही बोलले.

पुरे. निकाल मी सांगते. शून्य पुसलं. प्रत्येकाने सरांसमोर एकट्याने रिपोर्ट लिहायचा, पण गुण अर्धेच मिळतील. मी विचारलं, अर्धे का? सर म्हणाले, "कारण रिपोर्ट ज्याचा त्याने लिहायचा असतो, अल-हाज्जा." मी म्हटलं, "हे यांना आधी कुणी सांगितलं?" ते टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. मी जिंकले.

(सांगितलं होतं. पहिल्या दिवशी वाटलेल्या कागदावर, फ्रेंचमध्ये, दुसऱ्या पानावर. आमच्यापैकी कुणीच तेवढं वाचत गेलं नव्हतं. नुहैला दोनदा गेली नव्हती.)

सगळेच नाही जिंकले. युबाला आपल्या बोलीत सगळं येत होतं, मला त्यानेच तर शिकवलं. फळ्यापुढे त्याचं तोंड उघडलं नाही. सर म्हणाले, बस, पाणी पी. तो दारातून बाहेर आला, माझ्यासमोरून गेला, मोठ्यांना करतात तसा माझ्या डोक्याला हात लावून हात ओठांना लावला, आणि सरळ बसअड्ड्यावर. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बस निघून गेली होती.

त्या कचेरीतल्या माणसाला कुणी तरी सांगा. एक खुर्ची झाली.

मंगळवार, १३ जानेवारी

आमचं पहाडातलं नवं वर्ष. पेजेत खजुराची बी लपवून ठेवली. ज्याच्या घासात येईल त्याचं वर्ष चांगलं. हम्मू गावाहून तेल घेऊन आला होता. बी त्याच्याच दाताखाली आली, आणि त्याने ती गुपचूप केल्तूमच्या ताटात सरकवली. त्याला वाटलं मी पाहिलं नाही. इतका मोठा झाला तरी लबाडी नीट करता येत नाही.

सोमवारपासून परीक्षा. मी त्याला म्हटलं, बघ, जानेवारी आला आणि पोरगी अजून इथेच आहे. तो म्हणाला, "बोलणं पास होण्याचं झालं होतं आई, राहण्याचं नाही."

"आधी राहतात, मग पास होतात. राहिल्याशिवाय पास झालेला एक माणूस दाखव."

"हं."

मी भाजायची भाकरी घेऊन गल्लीतल्या भट्टीवर गेले तेवढा वेळ बापलेक खोलीत होते. परत आले तर दोघंही गप्प, अळीमिळी गुपचिळी. काही तरी बोलणं झालंय. पोरीला धमकावलं असणार. इथलं पाणी मात्र त्याने दोन तांबे प्यायलं. इतक्या वर्षांनी मानवायला लागलं म्हणायचं.

(बाबांनी माझी रसायनाची वही उघडली. एका समीकरणावर बोट ठेवून ते फ्रेंचमध्ये म्हणून दाखवलं, न अडखळता. मग वही मिटली. म्हणाले, "तेव्हाही जागा नव्हत्या. मी खिडकीत बसायचो. आजीला सांगू नकोस, तिला पाण्याचं सांगितलंय.")

शनिवार, ७ फेब्रुवारी

काल निकाल लागला. सात विषय, त्यातले पाच सुटले. रसायन आणि भौतिक राहिले. रसायनात वीसपैकी नऊ, दहा लागतात. ते अर्धे गुण इथे चावले. मी चावले म्हणा. दोन्हींची फेरपरीक्षा आहे, मंगळवारपासून. नुहैलाचे सहा सुटले. पहिल्यांदाच. खाली जाऊन हाज्जा मिनाच्या गळ्यात पडली आणि तिचा चहाचा पेला फोडला.

आता हम्मूला सांगायचं होतं. मी रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. पाचाला तो पास म्हणणार नाही, तर मी काय म्हणणार. तो सामान म्हणेल, तर मी काय म्हणणार. तेरा उत्तरं तयार होती, एकाहून एक खोचक. सकाळी फोन लावायला सांगितला. केल्तूमने लावला. मी हात पुढे केला. तिने फोन दिलाच नाही.

ती म्हणाली, "बाबा, मी बोलते आहे. पाच सुटले, दोन राहिले. मंगळवारी पुन्हा बसणार आहे. तेव्हाही राहिले तर पुढच्या वर्षी बसेन. तुम्ही न्यायला आलात तरी मी येणार नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. आवाज चढवला नाही, रडली नाही, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझी तेराही उत्तरं वाया. चार महिने मी हिची जीभ होऊन फिरले, आणि आता मला कुणी विचारतंय का बघा.

मग हम्मूने विचारलं, "कुठले दोन?" तिने सांगितलं. तो म्हणाला, "उद्या पहिल्या बसने येतो," आणि ठेवून दिला.

उद्या येतोय. न्यायलाच येत असणार, नाही तर रविवारचा बाजार सोडून कशाला येईल? येऊ दे. मी खाट ओढून दाराला लावणार आहे. हाज्जा मिनाला सांगितलंय, जिन्यात पाणी सांडून ठेव. नुहैला म्हणते, आजी, मी वरून बादली ओतते. सगळी तयारी आहे. आणि ही बघा, बाप उठवून न्यायला येतोय आणि ही गालातल्या गालात हसते आहे. विचारलं तर म्हणते, "काही नाही आजी. लवकर सांग काय लिहायचं ते."

सांगते, सांगते. अजून त्या सेबतीबद्दल माझं बरंच बोलायचं राहिलंय, आणि झऱ्यावरच्या बायकांना काय निरोप धाडायचा तेही. पण तिने पेनाचं टोपण हातात घेतलंय आणि डोळा पुस्तकावर आहे.

बरं, राहू दे. आज एवढंच. लिहिणारीला अभ्यास आहे.